गोल होता की नव्हता

सुन्या,

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. तेरावं उरकलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, शेजारपाजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या परत गेल्या. तुझ्या पूर्वाची नर्सिंगची परीक्षा तोंडावर आहे म्हणून तिलाही परवा पुण्याला धाडलं. जायचं नव्हतं तिला, तिच्या आईनं, सुरेखानंच, गाडीत बसवलं.

या दिवसांत लोक तुझ्याबद्दल पुष्कळ बोलले. चांगलंच बोलले. "फार मनमिळाऊ होता," असं तर इतक्या जणांनी म्हटलं की मला वाटायला लागलं, हे दुसऱ्याच कुणाला भेटायला आलेत. मनमिळाऊ? पंचवीस-सव्वीस वर्षं रोज संध्याकाळी सख्ख्या भावाशी एकाच गोष्टीवरून भांडणारा माणूस मनमिळाऊ कसा काय? मी मान हलवत होतो, चहा घ्या म्हणत होतो, आणि मनात तुझ्याशी बोलत होतो. ते बोलणं अजून थांबलेलं नाही. म्हणून आज शाळेतून आल्यावर खेळाच्या साहित्याची जुनी नोंदवही काढली आणि तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहायला बसलो.

तुझा शेवटचा दिवस मी इतक्या वेळा आठवलाय की आता त्यातला कुठला भाग मी पाहिला आणि कुठला मागाहून ऐकला, तेही सांगता येईल. पहाटे सव्वापाचला तुझ्या बाजूनं मोरीत पाण्याचा आवाज आला. आपल्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे तू दात घासलेलेही मला कळायचं. मग तुझी नेहमीची हाक, "दादा, उठलास का, का पडलायस अजून?" मी नेहमीप्रमाणे उत्तर दिलं नाही. सुरेखानं डब्यात भाकरी आणि वालाचं बिरडं दिलं होतं. पावणेसहाला फाट्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला आणि तू बुटाची एक नाडी बांधून, दुसरी लोंबतीच ठेवून पळालास. पौषातलं धुकं होतं. वीस पावलांवर तू दिसेनासा झालास.

बिरवाडीच्या त्या कारखान्यात तू फिटर. पंप, व्हॉल्व्ह, पाइप यांच्याशी तुझा संसार. त्या दिवशी तू काय काम केलंस ते मला तुझ्याबरोबरच्या नामदेवनं सांगितलं, पण ते पुढे येईल.

साडेचारला तू परत आलास आणि घरात डबा टाकून थेट शाळेच्या मैदानावर आलास. मी पी.टी.चा मास्तर, मैदानाची किल्ली आणि शिट्टी माझ्याकडे, त्यामुळे शाळा सुटली की ते मैदान आपलंच. माझे जुने विद्यार्थी, गावातली चारदोन माणसं, आणि तू. गुडघे दुखायला लागल्यापासून तू मागं खेळायचास, पण तोंड पुढेच असायचं. "अरे बॉल सोड, बॉलशी लगीन लावलंस काय!" असं ओरडून ओरडून तू अर्धी मॅच तोंडानंच खेळायचास. त्या दिवशी तू एकाचा शर्ट धरलास आणि मी फाउल दिला. तू दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्यासमोर उभा राहिलास.

"शर्ट नव्हता धरला. शर्टावरचा किडा काढीत होतो."

"सुन्या, मागं हो."

"तुला दिसलं?"

"दिसलं."

"तुला तर सगळंच दिसतं बाबा," असं म्हणून तू हसत मागं गेलास. तोवर आंबेनळी घाटाकडचे डोंगर तांबूस झाले होते. खाली मैदानावर सावली, वर कड्यावर ऊन. मी शिट्टी वाजवून खेळ संपवला. साधा दिवस होता रे. इतका साधा की लक्षात ठेवण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही.

सात वाजता पडवीत चटई पडली. चौघांचा पत्त्यांचा डाव, मेंढीकोट. तू आणि माझी मंदा एका बाजूला, मी आणि सुरेखा दुसऱ्या. ही जोडी तूच लावली होतीस, सुरेखा लग्न होऊन आली त्या पहिल्याच महिन्यात. ती बिचारी थोरल्या दिरासमोर मान वर करत नव्हती, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. आणि तू म्हणालास, "पार्टनरच्या तोंडाकडं बघितल्याबिगर मेंढी कशी वाचंल? पदर वर घे गो, नायतर हरशील." ती पदर सावरून बसली, आणि पहिल्याच डावात तिनं तुझी बदामची दश्शी मारली. त्या दिवसापासून ती मला घरच्या मुलीसारखी झाली. आमच्या पोटी मूल नाही, याच्यावर गावात सगळे बोलून गेले, तू एकदाही नाही. पूर्वाला बोलता यायला लागलं तेव्हा तू मंदाकडे बोट दाखवून तिला "मोठी आई" म्हणायला शिकवलंस आणि तो विषय तुझ्यापुरता संपवलास. मी तुला यासाठी कधी काही बोललो नाही. भावाला काय बोलायचं, असं वाटायचं. बोलायला हवं होतं.

त्या संध्याकाळी तुम्ही आमच्यावर कोट केलात. चारही दश्श्या तुमच्याकडे. मंदानं टाळी दिली, तू उकडलेल्या शेंगांची टरफलं माझ्यावर फेकलीस, आणि मग तोच विषय काढलास.

"दादा, एकदा खरं सांग ना रे. शेवटचं विचारतो. गोल होता का नव्हता?"

"नव्हता. मी या डोळ्यांनी बघितलं. बॉल लाईनवर होता."

"शप्पत?"

"पानं पीस."

'शेवटचं विचारतो' असं तू दर आठवड्याला म्हणायचास. मी काय समजणार?

सकाळी तुझ्या मोरीत पाण्याचा आवाज झाला नाही. मला जाग आली ती सुरेखाच्या हाकेनं. "दादा, लवकर या, हे उठत नाय." मी आलो, तुझा हात धरला आणि मला कळलं. तरी तुला हलवत राहिलो. डॉक्टर आले, झोपेतच गेलेत म्हणाले, त्रास झाला नसेल म्हणाले. डॉक्टर यायच्या आधीच फाट्यावर कंपनीची बस येऊन उभी होती. एकदा हॉर्न वाजला. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्या हॉर्नला मंदाच धावत गेली सांगायला.

आता त्या मॅचचं. तुला सगळं पाठ आहे, तरी मला माझ्या बाजूनं एकदा सांगू दे. आजवर मी ते तुला कधीच सांगितलं नाही.

श्रावण होता. तालुक्याची फायनल, आपलं गाव विरुद्ध महाडची टीम. रेफ्री महाबळेश्वरहून यायचा होता, पण आंबेनळीत दरड आली आणि तो पलीकडेच अडकला. माझी नोकरी नुकती लागलेली. मीच शिट्टी घेऊन उभा राहिलो. माझा धाकटा भाऊ खेळतोय हे मी दोन्ही कॅप्टनना सांगितलं, ते म्हणाले चालेल. गोलपोस्ट म्हणजे सागाचे वासे, त्यांना जाळी नाही. लाइन्समन म्हणून उभे केलेले दोघं पावसाला कंटाळून टपरीवर गेलेले. आपण एका गोलनं मागे, आणि दोन-तीन मिनिटं उरलेली. आपल्याला कॉर्नर मिळाला. बॉल वरून आला, तू उंच उडी मारलीस, तुझं डोकं बॉलला लागलं, बॉल वरच्या आडव्या वाशाला खालून आपटला.

इथपर्यंत मी पाहिलं. मग मी नीट दिसावं म्हणून पुढे धावलो, माझा पाय सरकला आणि मी चिखलात बसलो. डोळ्यांवर चिखल उडाला. तो पुसून बघतो तर बॉल महाडच्या गोलकीपरच्या पोटाखाली, आणि तो आडवा लाईनवर. आधी बॉल आत पडला होता का, मला माहीत नाही. मी उठलो. सगळे बॉलकडे बघत होते, मला पडलेलं कुणी पाहिलं नाही असं मला वाटलं. तू दोन्ही हात वर करून माझ्याकडे धावत येत होतास, तोंड चिखलानं माखलेलं, नुसते दात दिसत होते. "गोल! दादा, गोल!" पलीकडून महाडवाले ओरडत होते, नाही नाही नाही.

मला तेव्हा काय वाटलं सांगू? गोल दिला तर लोक म्हणतील, भावाला दिला. दिसलं नाही म्हणालो तर म्हणतील, हा कसला मास्तर, कसला रेफ्री. यातलं एकही ऐकायची माझी तयारी नव्हती. आणि न दिल्यावर बोलणारा एकटा तूच होतास. तुझं बोलणं मी ऐकून घेतलं असतं. म्हणून मी हात आडवा केला. गोल नाही.

आपण हरलो. मॅच बघायला मुंबईच्या एका कंपनीच्या टीमचा माणूस आला होता. खेळाडूंना नोकरी देणारी कंपनी. तो महाडची दोन पोरं घेऊन गेला. तू इथेच राहिलास, आधी कंत्राटी हेल्पर, मग फिटर. तो गोल मिळाला असता तर त्यानं तुला नेलं असतं का? कुणास ठाऊक. तू त्या माणसाचं नाव कधीही काढलं नाहीस. एकदाच, मीच आडून विचारलं, "मुंबईला गेला असतास तर बरं झालं असतं का रे?" तू पानं लावत म्हणालास, "मंग तुझ्याशी फोनवर भांडायला लागलं असतं. त्यात काय मजा नाय." मी हसलो. पण त्या रात्रीपासून आजपर्यंत ते वाक्य मी कितीदा उलटसुलट करून पाहिलंय. खरं बोललास की माझी समजूत काढलीस?

दहाव्याला नदीवरून परत आलो तर तुझ्या कारखान्यातले चौघं पडवीत बसले होते. त्यांतला एक पुढे झाला. नामदेव, तुझ्याबरोबर पंपावर काम करणारा, बिरवाडीत खोली घेऊन राहणारा. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "तुमीच ना ते रेफ्री दादा?"

मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. अख्ख्या प्लांटला माहीत!

"रोज सांगायचे सुनीलशेठ," तो म्हणाला. "नवीन माणूस आला की त्याला पैला गोल सांगायचा, मंग काम. त्या शेवटच्या दिवशी पन सांगितला."

मी त्याला बाजूला घेऊन गेलो आणि तुझा तो दिवस मागितला. त्यानं दिला. सकाळी एका पंपाचं सील गळत होतं. वरून सांगत होते, संध्याकाळच्या शिफ्टला बघू. तू म्हणालास, गळती दिसली ना, मग बघू कशाला, आणि दोन तास वाकून ते बदललंस. हात धुताना शीळ घालत होतास. मग जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये एक नवे इंजिनिअर समोर बसले होते. त्यांना तू गोल दाखवलास. कांद्याच्या दोन फोडी म्हणजे खांब. लिंबाची बी म्हणजे बॉल. भाकरीचा तुकडा म्हणजे गोलकीपर.

"मंग साहेबांनी विचारलं, रेफ्री कुठं होता?" नामदेव म्हणाला. "तर सुनीलशेठनी मिठाची चिमूट घेतली नि टेबलावर ठेवली. बोलले, हा दादा. बसलेला."

"बसलेला?"

"व्हय. घसरून बसलेला. त्यांना काय दिसणार बोलले, चिखलात बसला होता माझा दादा."

मी तिथेच पायरीवर बसलो. नामदेवला कळलं की आपण काहीतरी वेगळं बोलून गेलो. तो गडबडीनं म्हणाला, "पन रागानं नाय हां. साहेब बोलले, मंग सांगा की भावाला, की तुमाला म्हायीत हाय. तर हे हसले. बोलले, सांगितलं तर तो सॉरी बोलंल. मंग रोज संध्याकाळी भांडायचं कुनाशी?"

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. रोज पहाटे 'उठलास का, का पडलायस अजून' म्हणत होतास, ते माझ्या झोपेबद्दल नव्हतंच! आणि मी प्रत्येक वेळी 'या डोळ्यांनी बघितलं' म्हणत होतो, तेव्हा तू पानांच्या आड काय हसत असशील.

त्या दिवशी मला तुझा रागही आला, तेही लिहून ठेवतो. सव्वीस वर्षं एक खोटं मी छातीवर घेऊन वावरलो. शाळेत मुलांना खरं बोला म्हणून सांगताना माझी जीभ अडखळायची. तू एका वाक्यात मला सोडवू शकला असतास. "दादा, तू पडला होतास, मी बघितलंय." एवढंच. भांडणाची मजा तुला, आणि ओझं मला? मेलेल्या भावावर रागावू नये म्हणतात. मी दोन दिवस रागावलो. जेवलोही नाही नीट. मंदा समजली दुःखानं जेवत नाही. ते होतंच, पण त्याच्या आत हा रागही होता.

मग तो उतरला. कारण मीही तेच करू शकलो असतो. सव्वीस वर्षं, रोजची संध्याकाळ, समोर तू, मध्ये चटई. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? मला वेळ कमी पडला असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

आता कालचं सांगतो.

काल संध्याकाळी सात वाजता मी पडवीत नुसता बसलो होतो. तू गेल्यापासून चटई उलगडली नव्हती. सुरेखा तिच्या बाजूनं आली. हातात पत्त्यांची जुडी. तिनं चटई अंथरली, बसली आणि पानं वेगळी काढायला लागली. दुऱ्या, तिऱ्या, चौक्या, पंज्या, छक्क्या सगळ्या बाजूला. सत्त्यांतल्या दोन ठेवल्या, दोन काढल्या. मला कळलं, तिघांचा डाव लावतेय. पाच-तीन-दोन.

मंदा दारात येऊन थांबली. "अगो, कोनी बघंल. लोक काय बोलतील?"

"बोलूं दे," सुरेखा म्हणाली. "सात वाजले का ह्या भिंतीच्या पलीकडं मी एकटी असते, मोठ्या आई. ते लोकांना कुठं दिसतं?"

पूर्वा म्हणते तीच हाक. मंदा येऊन बसली. जुडी माझ्यासमोर सरकवली गेली. मी पिसली, पाच-पाच पानं वाटली. पाच हात करायची पाळी सुरेखाची, म्हणजे हुकूमही तिनंच सांगायचा. तिनं पानं उचलली, लावली आणि बघत राहिली. आणि मला वाटलं, आता नाही बोललो तर ह्या घरात मी पुन्हा कधीच बोलणार नाही.

"सुरेखा, हुकूम सांगायच्या आधी एक ऐक. त्या मॅचमध्ये मी चिखलात पडलो होतो. मला गोल दिसलाच नव्हता. होता की नव्हता, मला ठाऊक नाही. मी आजपर्यंत खोटं बोललो. सुन्याशी, तुमच्याशी, सगळ्यांशी."

मंदा माझ्याकडे बघायला लागली. सुरेखानं पानांवरची नजर काढली नाही.

"म्हायीत हाय, दादा. लग्नाच्या पैल्याच वर्षी बोल्लेले मला."

"त्यानं पाहिलं होतं मला पडताना?"

"हे कसले बघतात? मागून कोनीतरी सांगितलं त्यांना, रेफ्री बसला होता म्हनून." तिनं मान वर करून माझ्याकडे सरळ बघितलं. "हेडर मारला नि हे तोंडावर पडले, दादा. दोनी डोळ्यांत चिखल. उठले तवा बॉल त्या गोलकीपरच्या पोटाखाली. ह्यांनी तरी कुठं बघितलावता गोल?"

मी हातातली जुडी खाली ठेवली.

"मग तो सव्वीस वर्षं..."

"मी बोलायची ना त्यांना, सांगून टाका एकदा दादांना, तुमाला पन दिसला नाय म्हनून. तर बोलायचे, पैला त्यानं बोलू दे. मोठा हाय तो. तो बोलला का मंग मी बोलतो."

मग मंदाच्या घशातून कसलातरी आवाज आला. मला वाटलं रडतेय. बघतो तर तोंडावर पदर दाबून हसत होती. मग सुरेखा. मग मी. असा हसलो, सुन्या, की पोटात दुखायला लागलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि वाहता वाहता ते पाणी कधी बदललं ते तिघांपैकी कुणालाच कळलं नाही. मंदानं सुरेखाला जवळ घेतलं. मी खाली पडलेली पानं गोळा करत राहिलो.

मग सुरेखानं पदरानं तोंड पुसलं, स्वतःची पाच पानं पुन्हा हातात घेतली आणि नीट लावली.

"किलवर हुकूम," ती म्हणाली.

मी उरलेली पानं वाटली.